अमरांचा कंटाळा

अमेरिकन कादंबरीकार अ‍ॅन राइसच्या व्हॅम्पायरांना लसणाचं काही वाटत नाही. क्रूस समोर धरला तरी ते घाबरत नाहीत. त्यांतल्या लुईला तर क्रूस बघत बसायला आवडतं, असं तो स्वतःच मुलाखतीत सांगतो. ऊन आणि आग यांनी ते मरतात, पण त्यांचा खरा घात करतो तो कंटाळा. 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये पॅरिसमध्ये व्हॅम्पायरांचं थिएटर चालवणारा आर्मांड हे लुईला नीट समजावून सांगतो. व्हॅम्पायर होताना प्रत्येकाची अशी समजूत असते, की आपण जसे कायमचे राहणार तसं आपल्या भोवतालचं सगळंही राहणार. बग्ग्या त्याच घडणीच्या, कपडे त्याच कापाचे, माणसांची बोलण्याची रीत तीच. मग एकेक गोष्ट जायला लागते. एके दिवशी तिन्हीसांजेला उठताना त्याच्या लक्षात येतं, की ज्या जगात आपल्याला कायमचं राहायचं होतं ते आता कुठेच उरलेलं नाही. तो बाहेर पडतो आणि मरून जातो.

दुसऱ्यांदा हे वाचताना मला मोठ्यांदा हसू आलं. हा आर्मांड पॅरिसच्या थिएटरात कशाला बसलाय, त्याने सदाशिव पेठेत यावं. त्याचं हे भाषण आमच्याकडे रोज सकाळी कट्ट्यावर होतं. डेक्कनवरचं लकी रेस्टॉरंट गेलं. कॅम्पातलं मॅनीज हे पुस्तकांचं दुकान २०१२ साली बंद झालं. वाडे गेले, सायकली गेल्या, थंडीसुद्धा गेली. 'पुणं आता पहिल्यासारखं राहिलं नाही' हे वाक्य आमच्याकडे इतक्या थकून म्हटलं जातं, की म्हणणाऱ्याचं वय किमान तीनशे वर्षं असावं. मीही म्हणते. पन्नाशी दिसायला लागल्यापासून जरा जास्तच.

तर, ज्या पुस्तकांवर माझा एके काळी जीव होता, ती मी मधली बरीच वर्षं उघडली नव्हती. रागाने रद्दीत घातली, कुणाला देऊन टाकली, असं काही झालं नाही. हॉलमधल्या कपाटात, खालच्या फळीवर, दिवाळी अंकांच्या मागे ती उभी होती. धूळ झटकताना दिसायची. शाळेतली जुनी मैत्रीण लक्ष्मी रोडवर समोरून यावी आणि दोघींनीही पिशवीत काहीतरी शोधायला लागावं, तसं आमचं चाललं होतं.

मराठी घरातल्या माझ्या पिढीच्या मुलांना भुतांची रीतसर ओळख नारायण धारपांनी करून दिली. पेठेतल्या वाचनालयातून आणलेली, पुठ्ठा बांधणीची, कोपरे मऊ पडलेली पुस्तकं. रात्री वाचायची आणि मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची चोरी. धारपांच्या गोष्टींत भीतीलाही एक शिस्त असते. चांगल्या चालत्या घरात काहीतरी शिरतं, कोपऱ्यातला अंधार जरा जास्तच दाट होतो, कुणाचं तरी वागणं बदलतं, आणि सगळं हाताबाहेर जातंय असं वाटत असतानाच समर्थ, म्हणजे धारपांचा भुताखेतांशी लढणारा नायक, येतात. समर्थ आले की जीव भांड्यात पडायचा. आता ते बघून घेतील. त्या गोष्टींतलं अघोरी जे काही असेल, ते सहसा आपली बाजू मांडत नाही. त्याला बाजू असेल असं वाचणाऱ्याच्या मनातही येत नाही. त्याचा बंदोबस्त व्हावा, एवढीच इच्छा असते.

अशी तयारी झालेल्या मुलीच्या हातात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला राइसचं पुस्तक पडलं. कॅम्पात फुटपाथवर जुन्या इंग्रजी पेपरबॅकचे ढीग असायचे, त्यातलं. आतल्या पानावर निळ्या शाईत एक परदेशी नाव. कोरेगाव पार्कच्या आश्रमात आलेले लोक परत जाताना बॅगा हलक्या करतात आणि ती पुस्तकं फिरत फिरत इथे येतात, असा आमचा कयास होता. त्यामुळे त्या ढिगात ध्यानधारणा आणि खून असंच मिश्रण असायचं.

पहिल्या दहा पानांतच माझी पंचाईत झाली. भूत खोलीत खुर्चीवर बसलं होतं आणि बोलत होतं. समोर एक पोरगा टेपरेकॉर्डर लावून ऐकतोय, आणि लुई त्याला सांगतोय: १७९१ साली मी पंचवीस वर्षांचा होतो, लुइझियानात आमचे मळे होते, माझा भाऊ गेला, मला जगावंसं वाटेना, आणि मग लेस्टाट आला, त्याने मला व्हॅम्पायर केलं. बंदोबस्त करायला कोणी येणार नव्हतं. आल्याशिवाय गोष्ट संपणार कशी, हेच मला कळेना. लुई माणसं मारतो, आणि मारल्याचं दुःखही इतक्या सुंदर भाषेत करतो की आपण त्याच्या दुःखात सामील होऊन बसतो. मेलेल्याचं नाव काय होतं, हे विचारायचं राहूनच जातं. तेव्हा पुण्यात गुरुवारी वीज जायची. त्या दुपारी गॅलरीत बसून, मांडीवर डिक्शनरी घेऊन मी ते वाचलं. इंग्रजी मला जेमतेमच येत होतं, त्यामुळे एकेक वाक्य दोनदा वाचावं लागायचं. त्या पुस्तकाला तशा वाचनाने फायदाच झाला असेल.

मग लेस्टाट. पहिल्या पुस्तकात तो दुष्ट, उथळ, कपड्यांचा शौकीन, लुईला फसवणारा. पुस्तक आलं १९७६ साली. नऊ वर्षांनी, १९८५ साली, राइसने 'द व्हॅम्पायर लेस्टाट' लिहिलं, आणि त्यात लेस्टाट स्वतः उभा राहून सांगतो, की लुईने सांगितलं ते काही खरं नाही, आता माझं ऐका. विशीतल्या मला हा खेळ भयंकर आवडला. एका पुस्तकावर दुसरं पुस्तक फिर्याद करतंय! तिसरं 'द क्वीन ऑफ द डॅम्ड' १९८८ चं. तेही मिळालं. पुढची मैत्रिणीच्या भावाने अमेरिकेहून आणली.

क्लॉडियाबद्दल तेव्हा फार विचार केला नव्हता. ती गोष्टीतली सगळ्यात भीतिदायक व्यक्ती आहे एवढंच वाटायचं. पाच वर्षांची मुलगी. आईच्या प्रेताशेजारी रडत बसलेली सापडते, आणि लेस्टाट तिला व्हॅम्पायर करून टाकतो. मन वाढत जातं, शरीर पाच वर्षांचंच राहतं. साठ-पासष्ट वर्षं. राइसची मुलगी मिशेल १९७२ साली ल्युकेमियाने गेली, सहाची व्हायच्या आतच. पुढच्या वर्षी राइस जुनी एक लघुकथा घेऊन बसली आणि तिची कादंबरी झाली. लिहीत असताना हा संबंध आपल्या लक्षात आला नव्हता, असं तिने नंतर सांगितलंय. हे मला आधी माहीत नव्हतं. माहीत असतं तरी एकोणीस वर्षांच्या मुलीला त्यातलं कितपत कळलं असतं, कुणास ठाऊक.

आता मात्र मी त्या पानांवर अडकले. पॅरिसमध्ये क्लॉडिया बाहुल्या बनवणाऱ्या एका बाईला गाठते. त्या बाईची मुलगी गेलेली आहे आणि ती एकाच चेहऱ्याच्या बाहुल्या करत राहते, सगळ्या लहान मुलींच्या. क्लॉडिया तिच्याकडून मोठ्या बाईची बाहुली करून घेते. अंगावर बाईचे कपडे, बाईचा बांधा. ती बाहुली हातात घेऊन क्लॉडिया लुईशी बोलत बसते, आणि बोलता बोलता तिची मूठ आवळत जाते. चिनी मातीचा चुरा गालिच्यावर पडतो. ज्या बाईने स्वतःची मुलगी गमावली, तिने मुलगी गमावलेली आणखी एक बाई लिहिली, आणि तिच्यासमोर कधीच मोठी न होणारी मुलगी आणून उभी केली. मी पुस्तक उपडं ठेवलं आणि उगाचच भाजी निवडायला घेतली.

आवड गेली कशी, हे सांगायला फार वेळ लागत नाही. पाचवं पुस्तक 'मेम्नॉक द डेव्हिल', १९९५ चं. त्यात खुद्द सैतान लेस्टाटला स्वर्ग आणि नरक दाखवायला घेऊन जातो आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून सगळं सांगायला बसतो. कीर्तनात बुवांचा पूर्वरंगच संपू नये आणि आख्यान लागायच्या आत लोकांनी चपला शोधायला लागावं, तसं माझं झालं. पुढची काही वाचली, काही चाळली. २००३ सालच्या 'ब्लड कँटिकल'च्या सुरुवातीला तर लेस्टाट वाचकांनाच फैलावर घेतो: तुम्हाला 'मेम्नॉक' आवडलं नाही ना? का नाही आवडलं? पैसे देऊन बोलणी कोण खाणार? त्या सुमारास राइस जाहीरपणे म्हणत होती, की माझ्या मजकुराला मी संपादकाचा हात लावू देत नाही. ते पानोपानी दिसत होतंच. २००४ साली वाईट अभिप्राय देणाऱ्या वाचकांना तिने पुस्तकं विकणाऱ्या संकेतस्थळावर भलंमोठं उत्तर लिहिलं. ते वाचून मला तिची काळजी वाटली आणि पुस्तकांबद्दल काहीच वाटलं नाही. तोवर नोकरी, लग्न, सिंहगड रोडवरचा कर्जाचा फ्लॅट, सगळं सुरू झालेलं. मध्येच 'ट्वायलाइट'मधल्या, उन्हात चकाकणाऱ्या व्हॅम्पायरांची लाट येऊन गेली. ऑफिसातल्या मुली भारावल्या होत्या. मी त्या वाटेला गेले नाही.

परत जाण्याचं श्रेय माझं नाही, भाचीचं आहे. तिने टीव्हीवरची नवी मालिका बघितली आणि रात्री साडेअकराला फोन केला.

"मावशी, तू ही पुस्तकं वाचलीयेस ना? आई म्हणाली, तू वेडी झाली होतीस."

"झाले होते. मग?"

"मला पहिलं दे. आणि पुढचं काही सांगू नकोस."

त्या मालिकेचा पहिला भाग २ ऑक्टोबर २०२२ रोजी आला. हीच तारीख पुण्यात दुसऱ्याच कारणासाठी लक्षात आहे: त्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल सहाशे किलो स्फोटकं लावून उडवला, आणि तो पूर्ण पडलाच नाही. उरलेला यंत्रं लावून पाडावा लागला. मेलो म्हणून सांगितल्यावरही अर्धवट उभं राहणं यात काहीतरी व्हॅम्पायरी आहेच.

भाचीने पुस्तक चार दिवसांत परत आणलं. मी पोहे करत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, याच्याकडे गुलाम होते?"

"हो. मळेवालाच होता तो."

"आणि हा पानंच्या पानं स्वतःच्या आत्म्यासाठी रडतोय?"

कांदा परतता परतता मी थांबले. मला हे तेव्हा खटकलं नव्हतं. पुण्यातल्या गॅलरीत बसलेल्या मुलीला लुइझियानातला मळा म्हणजे निव्वळ नेपथ्य होतं. आता परत वाचलं तर ते सरळ समोर दिसतं. हे दोघं माणसं नाहीत, हे मळ्यावर सगळ्यात आधी ओळखतात ते गुलामच. ते खरं ओळखतात, आणि पुस्तक त्यांना त्याबद्दल काय देतं? थोडी कुजबुज, थोडी भीती, एक उठाव, मग आग. त्यांच्यातल्या कुणासमोर टेपरेकॉर्डर ठेवलेला नाही. भूत बोलतं म्हणून मी ज्या पुस्तकावर भाळले, त्यात कोण बोलतं आणि कुणाला बोलू दिलेलं नाही, हे भाचीला पहिल्या फटक्यात दिसलं. मालिकेने ते बदललंय. तिथला लुई काळा आहे, काळ १९१० चा आहे, आणि न्यू ऑर्लीन्समध्ये गोऱ्यांच्या जगात पैसा आणि पत मिळवायला त्याला काय काय गिळावं लागतं, यावर सगळी गोष्ट उभी आहे. मूळ पुस्तकाशी इतकी मोडतोड केल्यावर मला राग यायला हवा होता. उलट पुस्तकातला लुई मला त्यानंतर जास्त कळायला लागला, त्याच्या आत्मकरुणेसकट.

त्या मालिकेतली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. टेपरेकॉर्डरवाला पोरगा, डॅनियल, तिथे म्हातारा झालाय. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोत झालेली मुलाखत फसली होती, म्हणून लुई त्याला दुबईत बोलावून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगतो. म्हातारा आता घाबरत नाही. तो मध्येच तोडतो, म्हणतो, मागच्या वेळी तू असं सांगितलं नव्हतंस. लुई चिडतो. मग दोघांनाही आठवत नाही, की खरं काय झालं होतं. जुनं पुस्तक परत हातात घेतलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. माझ्या आठवणीत लुई आणि लेस्टाटची एक लांबलचक भांडणाची रात्र होती, पावसाची, खिडकीवर मेणबत्ती. मी दोन्ही पुस्तकं पालथी घातली. ती रात्र कुठल्याच पुस्तकात नाही. ती मीच गॅलरीत बसून लिहिली असणार.

दुसऱ्या वाचनात मला सापडली ती मात्र गॅब्रिएल. लेस्टाटची आई. पहिल्या वेळी ती मला गोष्टीतला अडथळा वाटली होती: ही कधी जातेय आणि लेस्टाट पुन्हा पॅरिसच्या रस्त्यांवर कधी फिरायला लागतोय! फ्रान्सच्या डोंगराळ भागातला पडका वाडा, बाहेर बर्फ, आंधळा नवरा, आडदांड मुलगे, आणि तिथे ही इटालियन रक्ताची बाई दिवसभर पुस्तकात डोकं खुपसून बसलेली. त्या घरात वाचणारी एकटी तीच. मुलाला तिने वाचायला शिकवलेलं नाही. तो तिच्या खोलीत येऊन बसतो, ती पान उलटते. मुलाला याचा राग आहे, आणि तरी घरात त्याचं म्हणावं असं माणूस तेच. तिला क्षय झालाय. मरायला टेकल्यावर ती मुलाला भेटायला पॅरिसला येते, आणि लेस्टाट, जो नुकताच व्हॅम्पायर झालाय, तो तिला मरू देत नाही.

उठल्यावर ती पहिल्यांदा काय करते? मेलेल्या एका तरुणाचे कपडे चढवते. झगे, दोऱ्या, घट्ट बांधणी, सगळं टाकून देते. केस कापून टाकते. लांब, सोनेरी, जन्मभर विंचरलेले केस. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठते तेव्हा ते जिथल्या तिथे, होते तेवढे वाढलेले असतात. व्हॅम्पायरचं शरीर ज्या रात्री थांबलं, त्या रात्रीसारखंच रोज परत होतं. आजवर न घाबरलेली ही बाई तेव्हा किंचाळते.

माझी आई शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली त्या महिन्यात एरंडवण्यातल्या एका पार्लरमध्ये जाऊन कमरेएवढी वेणी कापून मानेपर्यंत केस ठेवून घरी आली. सोसायटीत बराच काळ दुसरा विषय नव्हता. बाबा काही बोलले नाहीत, जेवताना दोनदा तिच्याकडे बघितलं एवढंच. आत्याने मात्र विचारलं, "वहिनी, नवस होता का?" आई म्हणाली, "हो, फेडला." आयुष्यभर ती दुपारी दोन ते चार दिवाणखान्यात वाचत पडायची आणि त्या वेळात कुणी हाक मारलेली तिला चालत नसे. आम्हाला वाटायचं, ही आपल्यापासून कुठेतरी लांब जाते. जायचीच. गॅब्रिएल तर शेवटी खरोखरच जाते. मुलाला कैरोत सोडून, आफ्रिकेतल्या जंगलांत. तिला माणसं नको असतात, गाणं-बजावणं नको असतं, मुलाचं प्रेमही हाकेच्या अंतरावर नको असतं. लेस्टाट ते सगळं दुखावलेल्या मुलाच्या आवाजात सांगतो. विशीत मी त्याच्या बाजूने वाचलं. आता त्याच्या वाक्यांआडून मी तिलाच बघत होते. तिला स्वतःचं असं पुस्तक राइसने दिलं नाही याचं मला वाईट वाटतं, आणि गॅब्रिएलला ते आवडलं नसतं हेही कळतं. ती कुणाला मुलाखत देणाऱ्यांतली नाही.

अमरत्वाचं म्हणाल तर आपल्याला त्याचं अप्रूप मुळातच कमी. दिवाळीत अभ्यंगाच्या आधी आजी तेलाच्या वाटीत बोट बुडवून पाटाशेजारी जमिनीवर सात ठिपके द्यायची. सात चिरंजीवांचे. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम. त्यातला पहिलाच पाहा. कपाळावरचा मणी काढून घेतलेला, जखम कधी न भरणारी, अंगाला रक्तापुवाची दुर्गंधी, कुणी जवळ करत नाही. कृष्णाने त्याला दिलेला तो शाप आहे, आणि शापाचा मजकूर काय, तर तू जगशील. नर्मदा परिक्रमेला जाऊन आलेले लोक अजून सांगतात, शूलपाणीच्या झाडीत एक उंच माणूस आला, जखमेला तेल मागत होता. आजीला विचारलं होतं, आपण त्याला तेल का द्यायचं, त्याने तर झोपलेली पोरं मारली. आजी म्हणाली, मारली म्हणून तर मागत फिरतोय, आणि माझ्या डोक्यावर तेल थापलं. लुईचं सगळं पुस्तक त्या एका वाक्यात बसेल, पण लुईला ते एवढ्यात आटोपता येणार नाही.

राइसच्या अमरांनी कंटाळ्यावर एक उपाय काढलेला आहे. ते जमिनीत जातात. खरोखर मातीत, खोल, आणि पडून राहतात. भूक लागते, मग तीही मावळते, शरीर सुकतं, वर्षं जातात. लेस्टाट गॅब्रिएल गेल्यावर कैरोत हेच करतो. न्यू ऑर्लीन्समध्ये तो पुन्हा १९२९ साली जमिनीत जातो, आणि १९८४ साली जवळच्या घरात तालीम करणाऱ्या एका रॉक बँडच्या आवाजाने जागा होतो. वर येतो, कातडी जाकीट चढवतो, मोटरसायकल घेतो, त्या पोरांकडे जाऊन म्हणतो, मी लेस्टाट. पोरं हसतात आणि त्याच्या हातात एक पेपरबॅक ठेवतात: हे नाव तू या पुस्तकातून उचललंस ना? ते असतं 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'. स्वतःबद्दलची बदनामी त्याला अशी वाचायला मिळते, आणि तिथून त्याचं पुस्तक सुरू होतं. ज्याने तो झोपला होता, ते दुःख काही कमी झालेलं नसतं. फक्त कुणीतरी मोठ्याने वाजवत असतं, आणि ते काय चाललंय हे बघावंसं वाटतं. कंटाळा जाणं ही इतकी किरकोळ घटना असते, हे राइसला ठाऊक होतं.

तिला ठाऊक असणारच, कारण तिने स्वतः तेच केलं. ती न्यू ऑर्लीन्सच्या कॅथलिक घरातली. कॉलेजच्या वयात श्रद्धा सोडली. १९९८ साली परत चर्चमध्ये गेली. २००२ च्या डिसेंबरात तिचा नवरा, कवी आणि चित्रकार स्टॅन राइस, ब्रेन ट्यूमरने गेला. 'ब्लड कँटिकल'नंतर तिने व्हॅम्पायर सोडले. यापुढे लेखन देवासाठी, असं जाहीर केलं, आणि २००५ साली तिची येशूच्या बालपणावरची कादंबरी आली. २०१० साली तिने तितक्याच जाहीरपणे ख्रिस्ती धर्म सोडल्याचं सांगितलं. आणि २०१४ साली 'प्रिन्स लेस्टाट' आलं. म्हणजे माझी आवड जमिनीत होती त्या काळात तिचीही होती. मी इकडे सिंहगड रोडवर हप्ते भरत होते, ती तिकडे नाझरेथच्या रस्त्यांचं वर्णन लिहीत होती, आणि लेस्टाट आम्हा दोघींच्याही लेखी संपला होता.

हे कळल्यावर 'मेम्नॉक' पुन्हा काढलं. बुवांचा पूर्वरंग अजूनही लांबलेलाच आहे, त्यात काडीचा फरक नाही. मधली शंभर पानं मी दुसऱ्यांदाही पळतच पार केली. पण तारखा शेजारी ठेवल्या की ते वेगळं दिसतं. चर्चमध्ये परतण्याच्या तीन वर्षं आधी लिहिलेलं पुस्तक. त्यात सैतान देवाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतोय, की हे दुःख लागतंच कशाला. जिने सहा वर्षांचीही न झालेली मुलगी पुरलीय, ती बाई हा प्रश्न चारशे पानांत आटोपेल अशी अपेक्षा करणारी मी कोण? तरीही कंटाळवाणं ते कंटाळवाणंच. दोन्ही खरं असू शकतं.

राइस ११ डिसेंबर २०२१ रोजी गेली, ऐंशी वर्षांची होऊन. मालिका तिने बघितली नाही. 'इंटरव्ह्यू'वरच्या १९९४ च्या सिनेमाच्या वेळी टॉम क्रूझला लेस्टाट केलं म्हणून आधी कडाडून विरोध केला होता आणि सिनेमा बघितल्यावर स्वतःच्या खर्चाने जाहिरात देऊन त्याचं कौतुक केलं होतं. या मालिकेवर ती काय म्हणाली असती, यावर भाचीशी माझा वाद आहे. भाची म्हणते, आधी भडकली असती. मी म्हणते, नंतर जाहिरात दिली असती.

सध्या आम्ही दोघी 'प्रिन्स लेस्टाट'वर आहोत, एकच प्रत, आलटून पालटून. त्यात बेंजी नावाचा एक छोटा व्हॅम्पायर न्यूयॉर्कमधून इंटरनेट रेडिओ चालवतो आणि जगभरातल्या म्हाताऱ्या व्हॅम्पायरांना रोज रात्री झापतो: कुठे लपून बसलात, तरुण पोरं मरताहेत, या पुढे, काहीतरी बोला! पात्रं इतकी झालीत, की भाचीने वहीच्या मधल्या पानावर वंशावळ काढलीय. कुणी कुणाला केलं, कोण कुणावर रुसलंय, कोण कुठल्या शतकापासून बोलत नाही. गॅब्रिएलचं नाव तिने कोपऱ्यात लिहून भोवती चौकट काढलीय आणि खाली माझ्यासाठी प्रश्न ठेवलाय: "मावशी, ही येते का परत? फक्त हो किंवा नाही सांग." येते, पण किती वेळ थांबते हे मी तिला सांगणार नाहीये. पुस्तक या रविवारी माझ्याकडे यायचंय, आणि ती म्हणतेय की अजून शंभर पानं राहिलीत, मंगळवारशिवाय मिळणार नाही.